वाचकांचे प्रश्न : हॅलोविनची संध्याकाळ आणि घरचा कॅमेरा

ऑक्टोबर उजाडला की अमेरिकेतील वाचकांच्या पत्रांत हॅलोविनच्या, म्हणजे ३१ ऑक्टोबरच्या संध्याकाळी मुले वेश घालून घरोघर खाऊ मागत फिरतात त्या सणाच्या, घरगुती चित्रणाविषयीचे प्रश्न हमखास असतात. या वेळी आलेल्या पत्रांपैकी सहा निवडून त्यांची उत्तरे येथे देत आहे.

प्रश्न : आमची मुले सात आणि चार वर्षांची आहेत. दर हॅलोविनला मी फोनवर चित्रण करतो. पण घरी येऊन पाहिले की चित्र काळपट आणि दाणेदार दिसते, मुलांचे चेहरे कधी केशरी तर कधी निळसर होतात आणि अर्ध्याअधिक वेळ त्यांच्या पाठीच दिसतात. फोन नवा आहे, चांगल्यापैकी महाग आहे. मग चुकते कुठे?
— एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : तुमच्या अडचणीचे मूळ बहुतांशी वेळेत आहे. न्यू जर्सीत ३१ ऑक्टोबरला सूर्य संध्याकाळी सहाच्या थोडा आधी मावळतो आणि त्यानंतर जेमतेम अर्धा तास चित्रणाजोगा उजेड आकाशात उरतो. मुले शाळेतून येतात, काहीतरी खातात, वेश चढवायला बसतात, ऐन वेळी कुणाचा तरी एक पंख सापडत नाही आणि सगळी घराबाहेर पडेपर्यंत साडेसहा वाजतात. म्हणजे उजेड संपतो तेव्हा तुमचे चित्रण सुरू होते. यंदा वेश चढवण्याचे काम तासभर आधी घ्या. सव्वापाचच्या सुमारास मुलांना अंगणात आणा आणि चेहऱ्यावर रंगवलेल्या मिशा, घरी शिवलेली शेपटी, हातातली पिशवी हे सारे जवळून, सावकाश टिपून ठेवा. वेश कसा होता हे पुढे पाहायचे असेल, तर ते याच वीस मिनिटांत नोंदले जाते.

येथे एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. २००७पासून अमेरिकेत घड्याळे नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे जातात, त्यामुळे ॲरिझोना आणि हवाईसारखे अपवाद सोडले तर हॅलोविनला उन्हाळी वेळच चालू असते. त्याआधी कित्येक वर्षे घड्याळे ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे जात आणि हॅलोविनला पाच वाजताच अंधारून येई. आज तुम्हाला मिळणारा हा तासभराचा उजेड आधीच्या पिढीतल्या आईवडिलांना मिळत नव्हता, म्हणून तो वाया जाऊ नये असे मला मनापासून वाटते.

अंधार पडल्यावर काय करायचे, ते आता पाहू. फोनच्या सेटिंगमध्ये व्हिडिओ सेकंदाला ६० चौकटींवर (फ्रेमवर) असेल तर तो ३०वर आणा. २४ची सोय असेल तर तीही चालेल. ६०वर प्रत्येक चौकटीला प्रकाश घ्यायला फार तर सेकंदाचा साठावा भाग मिळतो, ३०वर त्याच्या दुप्पट वेळ मिळतो. प्रकाश कमी पडला की फोन तो कृत्रिमपणे वाढवतो आणि तुम्हाला जे दाणे दिसतात ते त्या वाढवण्याचे असतात. स्लो मोशन रात्री मुळीच वापरू नका. फोनच्या अनेक भिंगांपैकी १x असे लिहिलेले मुख्य भिंगच वापरा, कारण अंधारात सर्वांत जास्त प्रकाश सहसा तेच घेते. जवळचे दृश्य हवे असेल तर झूम न करता दोन पावले पुढे जा.

चेहऱ्यांचे रंग बदलतात त्याचे कारण असे की संधिप्रकाश निळा असतो, पोर्चचा दिवा पिवळसर असतो आणि मेणबत्ती त्याहूनही तांबूस असते. मूल एका उजेडातून दुसऱ्यात गेले की फोन दर वेळी नव्याने अंदाज बांधतो. चित्रण सुरू करण्यापूर्वी पोर्चच्या दिव्याखालच्या चेहऱ्यावर बोट दाबून धरा. बऱ्याच फोनमध्ये त्यामुळे फोकस आणि उजेडाचे माप कुलूपबंद होते आणि निदान मध्येच उजळणे-काळवंडणे थांबते. रंगही स्थिर ठेवायचा असेल, तर व्हाइट बॅलन्स (उजेडाप्रमाणे केलेली रंगांची जुळणी) पक्का करू देणारे कॅमेऱ्याचे एखादे ॲप घ्यावे लागेल.

पाठी दिसतात कारण तुम्ही मुलांच्या मागून चालता. घराच्या पायवाटेवर त्यांच्या आधी पोहोचा, दाराच्या बाजूला गवतावर एक गुडघा टेकून बसा आणि कॅमेरा चार वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर धरा. दार उघडते, आतला उजेड मुलाच्या तोंडावर पडतो आणि तेवढ्या दोन-तीन सेकंदांत त्याचा चेहरा जसा उजळतो तसा त्या संध्याकाळी पुन्हा उजळत नाही. सगळ्या घरांचे चित्रण करण्याची गरज नाही, तीन-चार घरे पुरतात. बाकीचा वेळ फोन खिशात असू द्या. हॅलोविनच्या संध्याकाळी पायी चालणाऱ्या मुलांना अपघाताचा धोका एरवीपेक्षा अधिक असतो; चित्रण करणाऱ्याचे लक्ष पडद्यात असते, म्हणून मुलांचा हात धरणारे दुसरे मोठे माणूस बरोबर असलेच पाहिजे.

प्रश्न : मुलगी आता नऊ वर्षांची आहे. पाच वर्षांची चित्रणे लागोपाठ पाहिली तेव्हा लक्षात आले की ती सगळी एकसारखी आहेत : दार, घंटा, कँडी, पुढचे दार. या वर्षी सासू-सासरे भारतातून आले आहेत आणि हॅलोविन ते पहिल्यांदाच पाहणार आहेत. वीस वर्षांनीही पाहावेसे वाटेल असे नेमके काय टिपावे?
— एक वाचक, मिशिगन

उत्तर : तुमचा प्रश्न वाचल्यावर मला आमच्या घरची एक जुनी चित्रफीत आठवली. मुलगी सहा वर्षांची होती. स्वयंपाकघराच्या टेबलावर जुनी वर्तमानपत्रे पसरून आम्ही भोपळा कोरायला बसलो होतो आणि माझा कॅमेरा सगळा वेळ त्या भोपळ्यावर रोखलेला होता. त्याच्या डोळ्यांचे त्रिकोण कापले जाताना दिसतात, आतला दोऱ्यादोऱ्यांचा गर चमच्याने खरवडून बाहेर येताना दिसतो, मुलीची केशरी झालेली बोटे दिसतात. चौकटीबाहेरून माझ्या आईचा आवाज येतो : "एवढा चांगला भोपळा, भाजी नाही का करायची याची?" मुलगी हसते आणि म्हणते, "आजी, हा खायचा नाही, हा घाबरवायचा आहे." त्यानंतर बराच वेळ वर्तमानपत्रावर बिया वेगळ्या केल्याचा बारीक खुडखुड आवाज आहे. आई बिया निवडत होती; त्या धुऊन, वाळवून तिने नंतर भाजल्या. आज आई नाही. ती चित्रफीत आम्ही जेव्हा जेव्हा लावतो, तेव्हा भोपळ्याकडे कुणी पाहत नाही, सगळे कान देऊन तो आवाज ऐकतात. कॅमेरा हातभर उजवीकडे वळवला असता तर ती दिसली असती, याची रुखरुख मला अजून आहे.

म्हणून तुम्हाला माझे आग्रहाचे सांगणे असे आहे की यंदा कॅमेरा सणाकडून माणसांकडे वळवा. सासूबाई दाराशी कँडीचे भांडे घेऊन बसणार असतील तर ट्रायपॉड घराच्या आत, त्यांच्या बाजूला लावा. बाहेरून येणारी मुले काय म्हणतात, त्यावर त्या काय म्हणतात, एका मुलाला एक द्यायची की मूठभर द्यायची याबद्दल सासरे त्यांना काय सुचवतात, हे सारे आपोआप येईल. दारावर आलेल्या मुलाला आधी आत बोलावून बसवायचे असते असे मानणारी आपली माणसे या रीतीकडे कशी पाहतात, हे त्यांच्याच शब्दांत नोंदले गेले पाहिजे. नातीने आजोबांना "ट्रिक ऑर ट्रीट" (खाऊ द्या, नाहीतर खोडी काढू) म्हणायला शिकवणे हे त्या दिवसातले सर्वांत मौल्यवान दृश्य ठरू शकते आणि ते दुपारी, भरपूर उजेडात, घरात बसून घडते.

भोपळा कोरण्याचा दिवस सोडू नका. कोरलेला भोपळा आठवडाभरात मऊ पडून सुरकुततो, त्यामुळे बहुतेक घरांत हे काम एक-दोन दिवस आधी होते आणि 'हॅलोविनला अजून वेळ आहे' म्हणून कॅमेरा बाहेर निघतच नाही. हवे तर एक फोन कपाटावर टेकवून टाइम-लॅप्सवर ठेवा. दर दोन सेकंदांना एक चौकट घेतली तर चाळीस मिनिटांच्या कामाची चाळीस सेकंदांची फीत होते. ती पाहायला गंमत वाटते, पण टाइम-लॅप्समध्ये आवाज नसतो, म्हणून दुसऱ्या फोनवर साधे चित्रण चालू असलेच पाहिजे.

मिशिगनच्या थंडीत पोशाखावर जाकीट घालायचे की नाही यावरून घरोघर होणारी वादावादी मला फार आवडते. राजकन्येचा झगा आणि वर फुगीर जाकीट, की जाकीट आधी आणि त्यावर ताणून बसवलेला झगा, हा प्रश्न कसा सुटतो ते नक्की टिपा. वेशाची छायाचित्रे पुष्कळ असतात, त्या दोन मिनिटांची कुणाकडेच नसतात.

परत आल्यावर पिशवी गालिच्यावर उलटी करतात, तो प्रसंग अखंड दहा मिनिटे घ्या, मध्ये थांबवू नका. मुलगी ढीग कसे लावते, आधी रंगाने लावते की आवडीने, न आवडणारे कुणाच्या माथी मारते, एका मोठ्या चॉकलेटच्या बदल्यात किती लहान मागते आणि आपण घेतलेला एक तुकडा तिने पाहिला की काय म्हणते, यांत तिचा सगळा स्वभाव दिसतो. कॅमेरा जमिनीवर, पुस्तकाला टेकवून ठेवा आणि तुम्हीही तिच्यासमोर बसा. चित्रण करणारी आई वर्षानुवर्षे कोणत्याच चित्रणात नसते, ही मी पाहिलेल्या बहुतेक घरगुती संग्रहांतली मोठी उणीव आहे.

आवाजाविषयी आणखी थोडे. मुखवट्याच्या आतून मुलाचे बोलणे दबलेले येते आणि वारा असला तर तेही ऐकू येत नाही. कॉलरला लावायचा छोटा बिनतारी मायक्रोफोन असेल तर तो वेशाच्या आत, छातीपाशी लावा. नसेल तर मुखवटा काढल्यावर एक मिनिट बोलते करा. दर वर्षी त्याच पायरीवर बसवून तेच तीन प्रश्न विचारावेत : तू कोण झाली आहेस, तेच का व्हावेसे वाटले, पुढच्या वर्षी कोण होणार? उत्तर येईपर्यंत आपण गप्प राहणे महत्त्वाचे आहे. मूल विचार करत असते आणि आपण घाईने उत्तर सुचवून मोकळे होतो. बोलणे मराठीत असेल तर फारच उत्तम, कारण नऊ वर्षांच्या मुलीचे मराठी उच्चार पुढच्या दोन-तीन वर्षांत बदलत जातात. चित्रणावर मागाहून गाणे चढवायचे असेल तर खुशाल चढवा, पण मूळ आवाज असलेली प्रत जशीच्या तशी वेगळी ठेवा.

प्रश्न : भारतातून आणलेल्या कॅमेऱ्यावर हॅलोविनचे चित्रण केले की घरातल्या आणि पोर्चच्या दिव्यांखाली आडवे पट्टे सरकताना दिसतात. दिवसा असे होत नाही. कॅमेरा बिघडला आहे का?
— एक वाचक, टेक्सास

उत्तर : नाही. भारतात विजेची वारंवारता ५० हर्ट्झ आणि अमेरिकेत ६० हर्ट्झ आहे. त्यामुळे अनेक दिवे भारतात सेकंदाला १०० वेळा आणि येथे १२० वेळा लुकलुकतात. डोळ्याला ते कळत नाही, पण ५० हर्ट्झला जुळवलेल्या कॅमेऱ्याला कळते. मेनूत पाल (भारतातली व्हिडिओ पद्धत) आणि एनटीएससी (अमेरिकेतली) असा पर्याय असेल तर एनटीएससी निवडा, किंवा फ्लिकर या सदरात ६० हर्ट्झ करा आणि शटर १/६० सेकंदावर ठेवा. काही कॅमेऱ्यांत हा बदल करताना मेमरी कार्ड पुन्हा फॉरमॅट करावे लागते, म्हणून कार्डावरचे सगळे आधी उतरवून घ्या. सजावटीच्या काही स्वस्त एलईडी माळांची लुकलुक वेगळ्याच गतीची असते. त्यांचे पट्टे याने जातीलच असे नाही.

प्रश्न : भोपळ्यात खरी मेणबत्ती ठेवावी की बॅटरीचा दिवा? चित्रणात कोणते चांगले दिसते?
— एक वाचक, ओहायो

उत्तर : ज्योत अधिक सुंदर दिसते यात शंका नाही. तरीही मुले सैल, लोंबत्या कापडाच्या वेशात भोपळ्याजवळून ये-जा करणार असतील तर बॅटरीचाच दिवा ठेवा. खऱ्या ज्योतीचे चित्रण करायचेच असेल तर ते आदल्या रात्री, मुले दूर बसलेली असताना करा आणि बोट भोपळ्याच्या उजळलेल्या तोंडावर दाबून उजेडाचे माप खाली ओढा, म्हणजे कोरलेल्या कडा पांढऱ्या फटक पडणार नाहीत.

प्रश्न : आमच्या गल्लीतली दहा-बारा मुले एकत्र फिरतात. त्यांचे चित्रण करून ते यूट्यूबवर ठेवले तर चालेल का? एका शेजारणीने हरकत घेतली आणि मला जरा वाईट वाटले. रस्ता तर सार्वजनिक आहे.
— एक वाचक, कॅलिफोर्निया

उत्तर : सार्वजनिक रस्त्यावर चित्रण करण्यास अमेरिकेत सर्वसाधारणपणे कायद्याची आडकाठी नसते, हे तुमचे म्हणणे बरोबर आहे. खाजगी संभाषणाचे ध्वनिमुद्रण हा मात्र निराळा विषय आहे. तुमच्या राज्यात गोपनीय संभाषण मुद्रित करण्यासाठी त्यात भाग घेणाऱ्या सर्वांची संमती लागते, तर इतर अनेक राज्यांत एकाची पुरते. म्हणून कुणाच्या घरात किंवा दारात मोठ्यांचे बोलणे चालू असेल तर विचारल्याशिवाय ते टिपू नये.

पण तुमच्या शेजारणीची हरकत कायद्याची नसावी. चित्रण करणे आणि ते जगासमोर ठेवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हॅलोविनच्या एका साध्या फितीत मुलाचा चेहरा, त्याचे हाक मारायचे नाव, घराच्या दारावरचा क्रमांक आणि कधी कधी जाकिटावरचे शाळेचे नाव एकत्र येते. एवढे सगळे अनोळखी माणसाच्या हाती जावे असे कोणत्याही आईला वाटणार नाही. त्यांचे ऐकावे असेच मी म्हणेन. मुले निघण्याआधी सगळे पालक ड्राइव्हवेवर जमलेले असतात, तेव्हाच स्पष्ट विचारा : मी चित्रण करणार आहे, ते फक्त आपल्या आठ घरांत वाटीन, कुणाला नको असेल तर आत्ताच सांगा. ज्याला नको असेल त्याचे मूल चौकटीत येणार नाही एवढे सांभाळा. जाहीर ठेवायचेच असेल तर फक्त तुमच्या मुलांचा भाग ठेवा. तुमच्या मुलांनाही विचारा. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला आपले काय दाखवले जावे याविषयी ठाम मत असते आणि ते मानले गेले पाहिजे.

प्रश्न : वडिलांनी १९९०च्या दशकात आमच्या हॅलोविनची केलेली चित्रणे हाय-८च्या आणि व्हीएचएस-सीच्या कॅसेटवर आहेत. कॅमेरे बंद पडले आहेत. आता काय करता येईल?
— एक वाचक, व्हर्जिनिया

उत्तर : करता येईल, पण फार लांबणीवर टाकू नका. व्हीसीआर बनवणाऱ्या शेवटच्या मोठ्या उत्पादकाने, जपानच्या फुनाईने, २०१६च्या जुलैमध्ये उत्पादन थांबवले. त्यामुळे आता जी यंत्रे चालू आहेत ती सगळी जुनी आहेत आणि दर वर्षी कमी होत आहेत. चुंबकीय फीतही काळाबरोबर क्षीण होत जाते.

सर्वांत आधी प्रत्येक कॅसेटवरची पुसले जाण्यापासून वाचवणारी खूण पाहा : व्हीएचएस-सीवर छोटी प्लॅस्टिकची टिकली मोडलेली असावी, हाय-८वर सरकणारी पट्टी बंद बाजूला असावी. फितीच्या गुंडाळीवर पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी आहे. अशी कॅसेट कोणत्याही यंत्रात घालू नका, ती यंत्रही खराब करते. ती जाणकाराकडेच द्या.

व्हीएचएस-सीची कॅसेट अडॅप्टरमध्ये घालून साध्या व्हीसीआरवर लावता येते. हाय-८चे तसे नाही. तिची फीत ८ मिलिमीटर रुंदीची असते आणि व्हीसीआरमध्ये चालेल असे कोणतेही अडॅप्टर अस्तित्वात नाही. त्यासाठी चालू स्थितीतला हाय-८ कॅमेराच मिळवावा लागतो. १९९९पासून आलेल्या डिजिटल-८ कॅमेऱ्यांपैकी काही जुन्या फितीही वाचतात आणि फायरवायर नावाच्या केबलने थेट संगणकाला डिजिटल चित्र देतात. तसा एखादा नात्यात कुणाकडे पडून आहे का, ते विचारून पाहा. कॅसेट सुरुवातीला एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे गुंडाळून घ्या, मग चालवा. एक तासाच्या फितीला एक तास लागतोच. एखादी कॅसेट वडिलांनी भारतात चित्रित केलेली असेल तर ती बहुधा पाल पद्धतीची असेल आणि येथल्या यंत्रावर नीट दिसणार नाही. ती वेगळी काढून ठेवा. काम बाहेर द्यायचे ठरवले तर एकच कॅसेट देऊन आधी नमुना पाहा आणि मूळ कॅसेट परत मिळण्याची अट घाला. डिजिटल झाल्यावरही त्या टाकू नका, कोरड्या जागी उभ्या ठेवा.

चित्रे पाहाल तेव्हा ती फार अंधारलेली आहेत म्हणून वडिलांना दोष देऊ नका. त्या वर्षांत हॅलोविनला दिवस तासभर आधी मावळत असे, हे मी वर लिहिलेच आहे. वडील हयात असतील तर पहिले पाहणे त्यांच्याबरोबर करा आणि ते बोलत असताना फोन टेबलावर ठेवून त्यांचा आवाज मुद्रित करा. दारात उभी ती बाई कोण, हे घर कुठले, तो पोशाख कुणी शिवला, हे आज फक्त त्यांनाच ठाऊक आहे.

नव्या फाइलींचे काय करायचे, हेही तुम्ही पत्राच्या शेवटी विचारले आहे. तीन प्रती ठेवा, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर असू द्या आणि त्यांतली एक घराबाहेर, म्हणजे क्लाउडवर किंवा भावंडांकडे असू द्या. फाइलीच्या नावात आधी वर्ष, मग प्रसंग, मग माणसांची नावे लिहा. यंदाच्या फोनवरच्या चित्रणालाही हेच लागू आहे. आयफोनवर ४के चित्र ३० चौकटींवर मिनिटाला सुमारे १७० मेगाबाइट जागा घेते, म्हणजे अर्ध्या तासाला पाच गिगाबाइटच्या वर. तेवढी जागा ३० तारखेलाच मोकळी करून ठेवा. भारतातल्या नातेवाइकांना व्हॉट्सॲपने पाठवताना ती फाइल व्हिडिओ म्हणून न जोडता डॉक्युमेंट म्हणून जोडा, नाहीतर ती दाबली जाऊन चेहरे पुसट होतात. त्या दाबल्या गेलेल्या प्रतीलाच मूळ समजून फोनवरचे मूळ चित्रण पुसून टाकल्याची पत्रे मला दर वर्षी येतात आणि अशा वेळी मूळ प्रत परत मिळवून देणे बहुधा कुणालाच जमत नाही.